शोध लागला, तारेचे काय?

मंगळसूत्र, सोन्याच्या दोन बांगड्या, कानांतली फुले, नाकातली चमकी आणि केसांतल्या चार पिना. आईला एमआरआयच्या खोलीत नेण्यापूर्वी मुलगी हे सगळे एका रुमालात बांधून घेते आणि बाहेरच्या बाकावर येऊन बसते. रुमालाची गाठ नीट आहे ना, हे ती पुन्हा पुन्हा चाचपून पाहते. थोड्या वेळाने आतून ठकठक, घरघर असा आवाज सुरू होतो. अर्धा-पाऊण तास लागेल, असे सांगितलेले असते. तेवढ्या वेळात मनात दोनच प्रश्न घोळत असतात : अहवालात काय निघेल आणि सगळा खर्च किती येईल?

त्या पांढऱ्या बोगद्यात असते तरी काय, हा तिसरा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. तो यावा असे वाटते. कारण त्याच्या उत्तरात आईच्या तपासणीचे मोल दडलेले आहे आणि देशातल्या एका मोठ्या, पण फारशा न बोलल्या जाणाऱ्या कष्टाची कहाणीही आहे.

त्या बोगद्याच्या भोवती तारेची प्रचंड वेटोळी असतात. नायोबियम आणि टायटॅनियम या दोन धातूंच्या मिश्रणाची ही तार उणे २६९ अंश सेल्सिअसच्या थंडीत ठेवलेली असते. त्या थंडीत तिचा विजेला होणारा रोध संपूर्ण नाहीसा होतो. एकदा वीजप्रवाह सोडला, की बाहेरून आणखी वीज न देताही तो त्या वेटोळ्यात वर्षानुवर्षे फिरत राहतो आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींहून अधिक बलवान चुंबक तयार होतो. बाहेर ऐकू येणारी ठकठक त्याची नव्हे. ती चित्र घेण्यासाठी बसवलेल्या दुसऱ्या छोट्या वेटोळ्यांची. मुख्य चुंबक रात्रंदिवस गप्प असतो आणि रुग्ण नसतानाही चालूच असतो.

अशा पदार्थांना अतिसंवाहक म्हणतात. गंमत अशी, की रुमालातले सोने हा विजेचा उत्तम वाहक, पण तो अतिसंवाहक होत नाही. चांदी आणि तांबेही होत नाहीत. उलट शिसे, कथील, पारा यांसारखे विजेच्या बाबतीत सुमार धातू कडक थंडीत हा चमत्कार करून दाखवतात.

दादरचा पूल आणि पंढरीची दिंडी

या चमत्काराची पहिली नोंद १९११ साली हॉलंडमधील लायडन येथे झाली. हाईक कामरलिंग ओनेस यांनी तीन वर्षांपूर्वीच हेलियम वायू द्रवरूप केला होता. त्या द्रवाच्या थंडीत पाऱ्यातून वीज सोडून पाहताना पाऱ्याचा रोध एकाएकी नाहीसा झालेला त्यांना दिसला. १९१३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. असे का घडते, याचा समाधानकारक उलगडा व्हायला मात्र १९५७ साल उजाडावे लागले.

साध्या तारेतील इलेक्ट्रॉन म्हणजे संध्याकाळी सहा वाजता दादर स्टेशनच्या पुलावरची गर्दी. प्रत्येकजण आपापल्या घाईत, धक्के खात, धक्के देत पुढे सरकतो. त्या धक्क्यांत शक्ती वाया जाते आणि तार तापते. अतिसंवाहकातील इलेक्ट्रॉन जोड्या जमवतात आणि एका तालात चालतात. टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर पाऊल टाकणाऱ्या दिंडीत कोणी कोणावर आदळत नाही, तसे. पण हा ताल फार नाजूक असतो. थोडी उष्णता वाढली की दिंडी मोडते आणि पुन्हा दादरचा पूल सुरू होतो.

म्हणून या विषयातील सारी धडपड दोन गोष्टींसाठी असते. कमी थंडीतही ताल न सोडणारा पदार्थ सापडावा आणि सापडलेल्या पदार्थाची उपयोगी पडेल अशी तार करता यावी. पहिली गोष्ट वर्तमानपत्रात पहिल्या पानावर येते. दुसरीची बातमी सहसा होत नाही. आपल्या देशाची कहाणी या दोहोंमधल्या अंतराची कहाणी आहे.

काळ्या टिकलीचे दिवस

भारतात या कामाची मुहूर्तमेढ स्वातंत्र्यानंतर लवकरच रोवली गेली. डॉ. के. एस. कृष्णन यांच्या नेतृत्वाखाली दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच हेलियम द्रवरूप करण्याचे यंत्र आले. पुढे मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र, कल्पाक्कमचे अणुसंशोधन केंद्र अशा ठिकाणी या विषयाचे गट उभे राहिले.

खरी धांदल उडाली ती १९८६-८७ साली. झुरिचजवळच्या एका प्रयोगशाळेत बेडनोर्झ आणि म्यूलर या दोघांनी तांब्याच्या ऑक्साइडचा एक पदार्थ उणे २३८ अंशांच्या आसपास अतिसंवाहक होतो असे दाखवले. काही महिन्यांतच अमेरिकेत यिट्रियम, बेरियम आणि तांबे यांच्या ऑक्साइडने उणे १८० अंशांपर्यंत मजल मारली. हा आकडा महत्त्वाचा होता. कारण द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांना उकळतो आणि तो हवेतूनच मिळतो. महागडा हेलियम ज्यासाठी लागत होता, ते काम आता या स्वस्त द्रवावर होऊ शकणार होते.

बंगळूरला प्रा. सी. एन. आर. राव आणि त्यांचे सहकारी अशा ऑक्साइडांचा अभ्यास १९७० च्या दशकापासून करत होते. ज्या घराण्यात हे रत्न निघाले, ते घराणे त्यांच्या चांगल्या ओळखीचे होते. साहजिकच १९८७ साली त्यांनी यिट्रियमचा हा पदार्थ झपाट्याने बनवला, त्याची घडण तपासली आणि तो निबंध ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. मद्रासचे जी. बास्करन यांनी त्याच वर्षी अमेरिकेतील फिलिप अँडरसन यांच्यासह या नव्या अतिसंवाहकतेचा एक सिद्धांत मांडला. त्याची चर्चा जगभर झाली आणि आजही होते.

त्या दिवसांचा उत्साह काही वेगळाच होता. पदार्थ करायला मोठे यंत्र लागत नव्हते. पांढरी, काळी पूड ठरावीक प्रमाणात घ्यायची, खलात घोटायची, भट्टीत नऊशेहून अधिक अंशांवर भाजायची, पुन्हा घोटायची, दाबून टिकली करायची आणि ती प्राणवायूत भाजायची. लाडवाचा पाक साधावा तसे हे काम. प्रमाण चुकले की बिघडले. पण साधले, तर थर्मोकोलच्या वाटीत द्रव नायट्रोजन ओतायचा, त्यात काळी टिकली बुडवायची आणि वर एक छोटा चुंबक ठेवायचा. तो अधांतरी तरंगतो! विज्ञान प्रदर्शनात हा खेळ पाहून कितीतरी मुलांचे डोळे विस्फारले. केंद्र सरकारने अतिसंवाहकतेसाठी खास राष्ट्रीय कार्यक्रम आखला. आता आगगाड्या तरंगणार, वीज न गळता गावोगावी पोचणार, असे लेख छापून आले.

तरंगती आगगाडी भारतात आली नाही. टिकली टिकलीच राहिली. असे का व्हावे?

शेवई आणि कुरडई

याचे उत्तर उन्हाळ्याच्या वाळवणात सापडते. हाताने शेवया करणाऱ्या बाईला ठाऊक असते, की पीठ नीट तिंबलेले असेल तर ते ओढावे तितके लांबते. दोन पदरांचे चार, चारांचे आठ होतात आणि सुतासारखी शेवई निघते. नायोबियम-टायटॅनियम हा असा धातू आहे. त्याच्या कांड्या तांब्याच्या नळ्यांत भरतात, नळ्यांची मोळी बांधतात, ती दाबून ओढतात, मधूनच तापवतात आणि पुन्हा ओढतात. शेवटी केसाहून बारीक असे शेकडो-हजारो तंतू पोटात घेतलेली एक तार तयार होते. त्यातला एकही तंतू मध्येच तुटला तर चालत नाही.

काळी टिकली मात्र वाळलेल्या कुरडईसारखी. वाकवायला जावे तर कडकन मोडते. ती मुळात एक प्रकारची माती, चिनीमातीच्या कपबशीच्या जातीची. कपबशीची तार कशी ओढणार? त्यातून तिच्यातले कण एकमेकांशी अगदी सरळ रेषेत जुळले नाहीत, तर प्रवाह कणाकणाच्या सीमेवर अडतो. अखेर जगाने वाट काढली ती अशी, की लवचीक धातूच्या पट्टीवर एकावर एक पातळ लेप द्यायचे आणि त्यांवर या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढवायचा. मैलभर लांबीच्या पट्टीवर हा थर सगळीकडे सारखा हवा. या कारागिरीला तीस वर्षे लागली. चीनमध्ये शांघाय शहरात सुमारे १.२ किलोमीटर लांबीची अतिसंवाहक वीजवाहिनी सुरू झाली, ती २०२१ च्या डिसेंबरात. १९८७ पासून मोजले तर चौतीस वर्षांनी. जपानने यामानाशीच्या चाचणीमार्गावर तरंगती आगगाडी २०१५ साली ताशी ६०३ किलोमीटर वेगाने पळवली. तिच्या चुंबकांमागेही कित्येक दशकांची तपश्चर्या आहे.

या देशांनी ती चौतीस वर्षे सोडली नाहीत, एवढाच काय तो मुख्य फरक. बातम्या थंडावल्या, तरी तेथील कारखाने आणि प्रयोगशाळा तार ओढत राहिल्या. आपल्याकडे पहिला उत्साह ओसरल्यावर अनेक ठिकाणी भट्ट्या दुसऱ्या कामांना लागल्या.

तरी भारतात काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. हैदराबादच्या अणुइंधन संकुलात नायोबियम शुद्ध केला जातो. भाभा अणुसंशोधन केंद्राने नायोबियम-टायटॅनियमची बहुतंतू तार आणि तिच्या जाड केबली घडवण्याचे तंत्र आत्मसात केले. भेलने अतिसंवाहक वेटोळ्याचे एक छोटे जनित्र बनवून पाहिले. कोलकात्यात अतिसंवाहक चुंबकाचा सायक्लोट्रॉन उभा राहिला. दिल्लीच्या आंतरविद्यापीठ प्रवेगक केंद्रात नायोबियमची पोकळ पात्रे घडवून त्यांवर कणांना गती देणारे यंत्र चालते. गांधीनगरजवळ प्लाझ्मा संशोधन संस्थेचा ‘एसएसटी-१’ हा अतिसंवाहक चुंबकांचा टोकामाक आहे. त्यात पहिला प्लाझ्मा २०१३ साली निर्माण झाला. जिनिव्हाजवळच्या सर्नच्या प्रचंड कणवेधक यंत्रासाठी सतराशेहून अधिक छोटे अतिसंवाहक चुंबक भारतातून गेले. इंदूरच्या प्रगत तंत्रज्ञान केंद्राने त्या कामाची धुरा वाहिली. कल्पाक्कमच्या शास्त्रज्ञांनी हृदयाचे आणि मेंदूचे अतिसूक्ष्म चुंबकत्व मोजणारी अतिसंवाहक उपकरणे तयार केली.

म्हणजे हात आहेत, कसब आहे. पण यांतील बहुतेक कामे मोठ्या यंत्रांपुरती, एकेका प्रकल्पापुरती झाली. प्रकल्प संपला की तार ओढणारी साखळीही थांबते. ज्या दिवशी एखादा कारखाना वर्षभर तीच तार ओढत राहील आणि जिल्ह्याच्या रुग्णालयातील यंत्र ती विकत घेईल, त्या दिवशी प्रयोगशाळेतले ज्ञान घरापर्यंत आले असे म्हणता येईल.

बारा अंशांची चाहूल

नवे पदार्थ शोधण्यात मात्र भारतीय प्रयोगशाळांनी जगाला दोनदा थांबून पाहायला लावले आणि दोन्ही वेळा ते घडले मुंबईत, कुलाब्याच्या समुद्रकाठी.

१९९३ च्या सुमारास टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एक गट यिट्रियम, निकेल आणि बोरॉन यांच्या संयुगाचा अभ्यास करत होता. सुमारे १२ केल्विनला, म्हणजे उणे २६१ अंशांच्या आसपास, त्यांना अतिसंवाहकतेची एक क्षीण चाहूल लागली. ती इतकी क्षीण होती, की एखाद्याने अशुद्धता म्हणून सोडून दिली असती. या मंडळींनी सोडली नाही. अशुद्धताच असेल तर ती कोणती, हे शोधायला ते बसले. उत्तर निघाले कार्बन. पदार्थात तो अगदी थोडा शिरला होता आणि तोच सारी करामत करत होता. मग मुद्दाम कार्बन घालून पदार्थ बनवण्यात आला आणि चाहुलीचे रूपांतर ठाम पुराव्यात झाले. १९९४ च्या जानेवारीत आर. नागराजन आणि सहकाऱ्यांचा निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये आला. त्या चमूत पवईच्या आयआयटीतील आणि फ्रान्समधील संशोधकही होते. त्याच महिन्यात अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेने याच जातीचा, २३ केल्विनपर्यंत जाणारा पदार्थ जाहीर केला. बोरोकार्बाइड नावाचे एक नवे घराणेच उघडले. चुंबकत्व आणि अतिसंवाहकता म्हणजे साप-मुंगूस, असे मानले जाई. या घराण्यातील काही पदार्थांत ती दोन्ही एकत्र नांदताना दिसली.

दुसरी घटना २०१६ च्या डिसेंबरातली. त्याच संस्थेत एस. रामकृष्णन आणि त्यांच्या विद्यार्थी-सहकाऱ्यांनी बिस्मथचा अतिशुद्ध स्फटिक ०.०००५३ केल्विनपर्यंत थंड केला आणि तो अतिसंवाहक झाला. बिस्मथमध्ये वीज वाहणारे इलेक्ट्रॉन इतके विरळ असतात, की १९५७ च्या सिद्धांताने त्याला हे जमायला नको होते. एवढी थंडी निर्माण करण्याची व्यवस्था त्यांनी संस्थेतच उभारली होती. बिस्मथची तार कोणी करणार नाही, तिचा एमआरआयलाही उपयोग नाही. पण जो सिद्धांत आपण पाठ केला, तो कोठे अपुरा पडतो हे त्या स्फटिकाने दाखवले. पुढचा पदार्थ शोधणाऱ्याला अशीच खूण लागते.

सोन्याचांदीचा मोह

या क्षेत्रात मोहाचे क्षणही येतात. घरातल्या साध्या तापमानाला चालणारा अतिसंवाहक हे या विषयातले परीस. तो सापडल्याची आवई दर काही वर्षांनी उठते.

२०१८ च्या जुलैत बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील दोघा संशोधकांनी असे जाहीर केले, की सोन्याच्या आधारावर चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवलेला त्यांचा पदार्थ २३६ केल्विनला, म्हणजे उणे ३७ अंशांना, अतिसंवाहक होतो. जे सोने आणि चांदी एकेकटी कधी अतिसंवाहक होत नाहीत, त्यांनीच बाजी मारली की काय! सगळे जग उठून बसले. लवकरच अमेरिकेतील एका तरुण भौतिकशास्त्रज्ञाच्या लक्षात आले, की निबंधातील दोन वेगवेगळ्या आलेखांत, जेथे मोजमापातली कुरकुर यदृच्छया असायला हवी, तेथे ती ठिपक्याला ठिपका सारखी दिसते. शंका उपस्थित झाल्या. संशोधकांनी पुढच्या वर्षी अधिक सहकाऱ्यांसह सुधारित निबंध दिला. पण जगाने मान्य करावी अशी स्वतंत्र पुष्टी त्या दाव्याला मिळालेली नाही.

पाच वर्षांनी, २०२३ च्या जुलैत, कोरियातून ‘एलके-९९’ची बातमी आली. साध्या तापमानाला, साध्या दाबाला अतिसंवाहक! मोबाईलवर तरंगत्या खड्याच्या चित्रफिती फिरू लागल्या. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने गाजावाजा न करता तोच पदार्थ दिलेल्या कृतीने बनवला, मोजला आणि ऑगस्टच्या सुरुवातीलाच सांगितले, की आमच्या नमुन्यात अतिसंवाहकता दिसत नाही. इतर देशांतील प्रयोगशाळांचाही हाच निष्कर्ष निघाला. पदार्थात मिसळलेल्या तांब्याच्या सल्फाइडने सगळ्यांना चकवले होते.

या दोन हकीकती शेजारी ठेवून पाहाव्यात. एका घटनेत घाईने मांडलेल्या दाव्यामुळे देशाच्या विज्ञानाकडे शंकेने पाहिले गेले, तर दुसरीत नकार शोधून काढल्यामुळे त्याच विज्ञानाची पत वाढली. ‘नाही’ हे उत्तर तत्परतेने आणि प्रामाणिकपणे देणारी प्रयोगशाळा ही मोठी दौलत आहे. सोन्याची पारख करणारा सोनार गावात असावा लागतो. मगच गाव फसत नाही.

उधारीची थंडी

पुढचा काळ कसा असेल? एक अडचण थंडीचीच आहे. हेलियम हा वायू काही देशांतील नैसर्गिक वायूबरोबर जमिनीतून निघतो. भारत तो आयात करतो. जुन्या पद्धतीच्या एका एमआरआय यंत्रात दीड-दोन हजार लिटर द्रव हेलियम असतो. २०१७ साली कतारची शेजारी देशांनी कोंडी केली, तेव्हा तेथील हेलियमचे कारखाने काही काळ बंद पडले आणि जगभरच्या प्रयोगशाळांना त्याची झळ लागली. पश्चिम बंगालातील बक्रेश्वरच्या गरम झऱ्यांतून हेलियम मिळतो. आपल्या शास्त्रज्ञांनी तो गोळाही करून पाहिला. पण त्याने देशाची गरज भागण्यासारखी नाही. म्हणून चांगल्या प्रयोगशाळा वापरून झालेला हेलियम नळीने परत आणून पुन्हा द्रवरूप करतात. दुधाची साय साठवावी तसा. आता जगात काही नवी एमआरआय यंत्रे मोजक्या लिटर हेलियमवर चालू लागली आहेत. भारतात यंत्रे बनायची असतील, तर तीही अशीच काटकसरी असली पाहिजेत.

ती बनू लागली आहेत, ही समाधानाची गोष्ट. मुंबईची ‘समीर’ ही सरकारी संशोधन संस्था आणि तिच्या सहयोगी संस्थांनी १.५ टेस्लाचे देशी एमआरआय यंत्र विकसित करण्याचे काम हाती घेतले. त्याच्या चाचण्यांसाठी २०२५ च्या मार्चमध्ये दिल्लीच्या एम्सशी करार झाला. त्याच वर्षी बंगळूरच्या एका तरुण कंपनीने बनवलेले यंत्र विदर्भात चंद्रपूरच्या कर्करोग रुग्णालयात बसवण्यात आले. एका तपासणीसाठी नागपूरचा रस्ता धरणाऱ्या माणसांच्या दृष्टीने त्या यंत्राचे मोल नोबेल पारितोषिकाहून कमी नाही.

दुसरी वाट संगणकाची आहे. २०२३ साली केंद्र सरकारने ६,००३ कोटी रुपयांहून अधिक खर्चाच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. अतिसंवाहक धातूंच्या बारीक मंडलांवर चालणारे क्वांटम संगणक हा त्यातला एक प्रमुख मार्ग. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कुलाब्याची टाटा संस्था आणि संरक्षण संशोधन संघटनेची पुण्यातील तरुण शास्त्रज्ञांची प्रयोगशाळा यांनी सहा क्युबिटांच्या अशा प्रक्रियकाची चाचणी पूर्ण केली. सहा हा आकडा लहान आहे. परदेशांत शेकड्यांची भाषा चालते. पण जो स्वतः सहा घडवतो, त्याला सातवा कोठे अडतो हे कळते. विकत घेणाऱ्याला ते कधीच कळत नाही.

पैसा, हेलियम आणि यंत्रे यांहून मोठा प्रश्न माणसांचा आहे. भौतिकशास्त्रात पहिल्या वर्गात एम. एस्सी. झालेली मुलगी जेव्हा घरी सांगते, की तिला नव्या पदार्थांवर पीएच. डी. करायची आहे, तेव्हा आई विचारते, “किती वर्षं लागतील गं?” पाच-सहा वर्षे, असे उत्तर येते. “आणि मग नोकरी?” या प्रश्नाला उत्तर येत नाही. शिष्यवृत्ती महिनोन् महिने रखडल्याच्या तक्रारी वर्तमानपत्रांत येतात, त्याही वडिलांनी वाचलेल्या असतात. शेजारच्या मुलाला संगणकाच्या कंपनीत लागून दोन वर्षे झालेली असतात. आईचा प्रश्न अडाणीपणाचा नाही. तो हिशेबाचा आहे. चौतीस वर्षे टिकणारे काम करायचे, तर ते करणाऱ्या माणसाला निदान पुढच्या महिन्याची खात्री हवी. शिष्यवृत्ती वेळेवर देणे आणि चांगल्या तार ओढणाऱ्यालाही नवा पदार्थ शोधणाऱ्याइतकाच मान देणे या दोन गोष्टींना नवा शोध लागत नाही. त्यांना फक्त इच्छा लागते.

बोरोकार्बाइडची ती क्षीण चाहूल अशाच कोणा विद्यार्थ्याने, रात्री उशिरापर्यंत जागून, आलेखाच्या एका वाकड्या रेषेत पाहिली असेल. त्या रात्री तो विद्यार्थी प्रयोगशाळेत होता, ही गोष्ट साऱ्या यंत्रांइतकीच महत्त्वाची.

आतली ठकठक थांबलेली असते. दार उघडते आणि आई जरा भांबावलेली, कानांतला कापूस काढत बाहेर येते. “केवढा तो आवाज!” ती म्हणते. मुलगी रुमालाची गाठ सोडून मंगळसूत्र तिच्या हाती देते, बांगड्या चढवायला मदत करते. अहवाल संध्याकाळी मिळणार असतो. दोघी जिना उतरू लागतात. मागे त्या खोलीत, थंडगार वेटोळ्यात, प्रवाह तसाच फिरत असतो आणि बाकावर पुढच्या माणसाच्या हातात दुसरा रुमाल असतो.